सुपरटक्सकार्टच्या फाईली : कुठली गेमची, कुठली आपली

प्रश्न विचारणारा हिंगणा रोडवरच्या होस्टेलमधला सेकंड इयरचा विद्यार्थी आहे. रूमवरचे पाच जण मिळून सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात आणि त्यात स्वतःचे फेरफार करतात. तक्रारी तीन. सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेलं गेम बंद केल्यावर गायब होतं. गाड्यांचा वेग वाढवला होता, तो अपडेटनंतर पूर्ववत झाला, आणि जपून ठेवलेली जुनी फाईल परत टाकली तर गेम सुरूच होईना. तिसरं म्हणजे लॅनवर (जवळची मशीन एकमेकांना जोडून) खेळताना गाड्या मध्येच मागे खेचल्या जातात. शेवटी त्याने विचारलंय, "सर, सगळं एकाच जागी लिहिता येईल अशी एखादी फाईल नाही का?"

नाही रे. अशी फाईल नाही, आणि तुझी अडचण तिथूनच सुरू होते. (सेकंड इयरला आहेस म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.) मी नागपुरात एका कॉलेजची लिनक्स लॅब सांभाळतो आणि दरवर्षी गॅदरिंगच्या आधी पोट्ट्यांच्या शर्यती लावतो. तुझ्या तिन्ही चुका मी स्वतः केल्या आहेत. वरून त्या वेगवेगळ्या वाटतात, पण तिन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे. फाईल उघडण्याआधी "ही फाईल लिहितो कोण?" हे तू विचारलं नाहीस. काही फाईली गेम स्वतः लिहितो, काही गेम बनवणाऱ्यांनी लिहून दिलेल्या असतात, थोड्या खरोखर आपल्या असतात, आणि एक फक्त सर्व्हरची असते.

एक खुलासा आधीच करतो. फाईलींची नावं मी देवनागरीत लिहितोय, पण डिस्कवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांत आहेत. आकड्यांचंही तसंच. फाईलमध्ये इंग्रजी अंकच लागतात. आमच्या लॅबमध्ये एकाने मराठी कीबोर्ड चालू ठेवून १.२ लिहिलं आणि अर्धा तास "सर, आकडा बरोबर आहे नं, मग काहून नाही चालत?" करत बसला. डोळ्यांना आकडा बरोबरच दिसत होता. गेमला तो समजत नव्हता.

आता पहिली तक्रार. लिनक्सवर तुझ्या होम फोल्डरातल्या लपलेल्या डॉट-कॉन्फिगमध्ये सुपरटक्सकार्ट नावाचं फोल्डर आहे, त्यात कॉन्फिग-०.१० नावाचं आणखी एक. विंडोजवर हेच फोल्डर अ‍ॅपडेटामध्ये सापडेल. आकडा पाहून ते जुनं समजू नकोस. २०१९ साली १.० म्हणून जी आवृत्ती आली, तिची बीटा ०.१० या नावाने निघाली होती, आणि फोल्डरला ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यातली कॉन्फिग.एक्सएमएल ही फाईल गेम लिहितो. सुरू होताना वाचतो, चालू असताना सगळ्या किमती स्वतःच्या डोक्यात ठेवतो आणि बंद होताना डोक्यात आहे ते पुन्हा फाईलवर उतरवतो. तू गेम चालू ठेवून मागे एडिटरमध्ये बदल केलेस, म्हणजे वर्गातल्या फळ्यावर लिहून बाहेर गेलास आणि पुढच्या तासाच्या सरांनी फळा पुसला. गेम पूर्ण बंद कर, मग फाईल बदल, मग गेम सुरू कर. बदल राहतील.

यात एक पोटभाग आहे. त्या फाईलमध्ये प्रत्येक किमतीशेजारी इंग्रजीत टीप दिसते. ती टीपही गेमच दरवेळी नव्याने लिहितो. त्यामुळे तू स्वतःच्या आठवणीसाठी घातलेली टीप पुढच्या वेळी दिसणार नाही, आणि गेमला माहीत नसलेला टॅग घातलास तर तोही जाईल. "अमुक किंमत का बदलली" हे वेगळ्या वहीत लिहीत जा. खरं म्हणजे कॉन्फिग.एक्सएमएलमध्ये हात घालायची वेळ फार थोडी येते. रिझोल्यूशन, ग्राफिक्स, आवाज हे सगळं गेमच्या मेनूतून बदलतं. मी ती फाईल उघडतो ती ग्राफिक्स इतकं वाढवून ठेवलंय की मेनूच दिसत नाही अशा मशीनवर. तिथेही बहुतेकदा फाईलचं नाव बदलून ठेवतो आणि गेमला नवी बनवू देतो.

त्याच फोल्डरात प्लेअर्स.एक्सएमएल आणि इनपुट.एक्सएमएल आहेत. पहिलीत खेळाडूंची नावं आणि स्टोरी मोडमध्ये कुणी किती मजल मारली ते असतं, दुसरीत कीबोर्ड आणि गेमपॅडची बटणं. या दोन्हींची प्रत काढून ठेव, हे मी अनुभवाने सांगतो. जूनमधल्या एका वादळात लॅबची लाईट गेली आणि एका मशीनचा यूपीएस आधीच मेलेला होता. परत सुरू केलं तर प्लेअर्सची फाईल शून्य बाइटची. ज्या मुलाची प्रगती गेली, त्याने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची आहे, तिच्यावर जरा रेंगाळतो.

गेमसोबत जे डेटा फोल्डर येतं त्यात तुझ्या कामाच्या फाईली आहेत. एसटीके_कॉन्फिग.एक्सएमएलमध्ये सगळ्या खेळाचे नियम असतात, म्हणजे भौतिकीची सेटिंग, सिग्नलआधीच गाडी पळवली तर दंड किती, अशा गोष्टी. कार्ट_कॅरॅक्टरिस्टिक्स.एक्सएमएलमध्ये गाड्यांचा स्वभाव असतो : इंजिनाची ताकद, कमाल वेग, वस्तुमान, वळणाची त्रिज्या, सस्पेन्शन, नायट्रो, स्किड. पॉवरअप.एक्सएमएलमध्ये कितव्या क्रमांकाच्या गाडीला कुठली वस्तू मिळण्याची शक्यता किती, त्याचे तक्ते. या तिन्ही गेम बनवणाऱ्यांच्या फाईली. अपडेट आलं की पॅकेज मॅनेजर (लिनक्सवर प्रोग्रॅम टाकणारा आणि बदलणारा) जुन्या काढतो आणि नव्या ठेवतो. तू त्यात काय लिहिलं होतंस ते तो विचारत नाही, आणि त्याने विचारावं अशी अपेक्षाही चूक.

मग जुनी फाईल परत टाकल्यावर गेम का अडला? एसटीके_कॉन्फिगच्या बाबतीत गेम सुरुवातीलाच तपासतो की हव्या त्या सगळ्या किमती फाईलमध्ये आहेत का. नव्या आवृत्तीत एखादी किंमत नव्याने आलेली असते, तुझ्या जुन्या फाईलमध्ये ती नसते. गेम लॉगमध्ये "अमुकची किंमत सापडत नाही" असं लिहितो आणि तिथेच थांबतो. कॉन्फिग-०.१० मध्ये एसटीडीआउट.लॉग नावाची फाईल आहे. तिच्या शेवटच्या दहा ओळी वाच, कुठल्या नावावर अडलं ते लिहिलेलं असेल. जुनी अख्खी फाईल नव्या गेममध्ये घालणं कायमचं सोडून दे. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ओरडतात नं, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत", त्या यादीत ही सवयही टाक.

त्याऐवजी काय करायचं? पोहेवाला तर्रीचं भगोणं पोह्याच्या परातीत उपडं करत नाही. ज्याला जितकी हवी तितकी त्याच्या प्लेटवर घालतो. तुझे बदल म्हणजे ती तर्री, आणि ते मूळ फाईलपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. मी असं करतो : अपडेटच्या आधी मूळ फाईल आणि माझी फाईल यांतला फरक डिफ कमांडने काढून एका छोट्या फाईलमध्ये ठेवतो. माझे बदल सहसा दहा-बारा ओळींचेच असतात. नवी आवृत्ती आली की नवीन मूळ फाईल उघडतो आणि त्या ओळी एकेक वाचून हाताने घालतो. पॅच कमांडने आपोआपही होतं, पण मी हातानेच करतो. कधी कधी गेमवाल्यांनीच ती किंमत सुधारलेली असते आणि माझ्या बदलाची गरज उरलेली नसते. गिट (फाईलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) येत असेल तर फारच छान, त्याहून सोपं काही नाही.

दुसरी गोष्ट, सिस्टिमच्या फोल्डरात हात घालूच नकोस. गेमच्या अधिकृत संकेतस्थळावरून लिनक्सचा संग्रह उतरव, होम फोल्डरात उघड आणि त्या प्रतीत हवे ते प्रयोग कर. पॅकेज मॅनेजरला त्या प्रतीचा पत्ताच नसतो. मात्र दोन्ही प्रती कॉन्फिग-०.१० तेच वापरतात, म्हणून मी शर्यतीसाठी मशीनवर वेगळा यूजर बनवून ठेवलाय. एसटीके_कॉन्फिगपुरतं आणखी सोपं आहे. मूळ फाईल तशीच ठेव, शेजारी तिची प्रत वेगळ्या नावाने ठेव, आणि गेम सुरू करताना दोन डॅश, मग एसटीके-कॉन्फिग, बरोबरचं चिन्ह आणि प्रतीचं नाव असं दे. गेम तुझी प्रत वाचतो. फाईल त्याच डेटा फोल्डरात असायला हवी, एवढंच पथ्य. कार्ट_कॅरॅक्टरिस्टिक्ससाठी मी अशी सोय वापरत नाही. तिथे वेगळी प्रतच बरी.

आता वेगाबद्दल. तू सगळ्या गाड्यांचा कमाल वेग वाढवलास आणि नंतर "वळणावर गाडी भिंतीला जाते" म्हणतोस. तसंच होणार. ही फाईल थरांची आहे. सगळ्यात खाली मूळ किमती, त्यावर काठिण्यपातळी, त्यावर गाडीचा प्रकार (हलकी, मध्यम, जड), मग खेळाडूचा हँडिकॅप (पक्क्या खेळाडूला मुद्दाम दिलेला तोटा), आणि शेवटी त्या एका गाडीच्या स्वतःच्या किमती असल्या तर त्या. प्रत्येक थर खालच्या किमतीवर काम करतो. तू तळाचा आकडा बदललास की वरचं सगळंच हलतं. नवशिक्या पातळीवर ठीक वाटलेला बदल सुपरटक्स या सगळ्यात अवघड पातळीवर डोक्यावर बसतो तो यामुळेच.

शिवाय किमती एकमेकींत गुंतलेल्या आहेत. इंजिनाची ताकद तीच ठेवून वस्तुमान वाढवलं तर गाडी उशिरा वेग घेते, पण धक्का लागला तर कमी हलते. वळणाची त्रिज्या हा एकच आकडा नसतो. या वेगाला ही त्रिज्या, त्या वेगाला ती, अशा जोड्या असतात. तू वेग वाढवलास आणि त्रिज्येला हात लावला नाहीस. म्हणून वेग बदललास की ती ओळही पाहायची.

चाचणी कशी घ्यायची हे कुणी सांगत नाही, आणि खरा वेळ तिथेच वाया जातो. मी टाइम ट्रायल लावतो. त्यात केक, बॉलिंगचा गोळा असल्या वस्तू नसतात, त्यामुळे नशिबाचा भाग उरत नाही. एकच ट्रॅक, बहुतेकदा हॅसिएंडा, एकच गाडी, तीन फेऱ्या. वेळ लिहून ठेवतो, एकच किंमत बदलतो, पुन्हा तीन फेऱ्या. सुरुवातीला मी एका संध्याकाळी सहा किमती एकदम बदलल्या होत्या. गाडी उत्तम झाली, पण कशामुळे झाली ते मला आजही माहीत नाही. बदल लहान ठेव. शेकडा पाच-दहाचा फरकसुद्धा चालवताना चांगलाच जाणवतो.

किती वेग चांगला, हे मात्र मी सांगू शकत नाही. ते ट्रॅकवर आणि खेळणाऱ्यांवर आहे. सरळ लांब रस्त्यावर जे मजेचं, ते अरुंद वळणांच्या ट्रॅकवर वैताग होतं. आमच्या शर्यतीत कधीच न खेळलेल्या मुलीही येतात आणि रोज खेळणारे पोट्टेही. तिथे मी वेगाला हातच लावत नाही. गेममध्ये खेळाडूनिहाय हँडिकॅपची सोय आहे, ती पक्क्या खेळाडूला लावतो. फाईल न उघडता काम होतं.

फक्त तुझीच एक गाडी वेगळी हवी असेल तर जगाची फाईल कशाला बदलतोस? टक्स या पेंग्विनच्या गाडीचं फोल्डर कॉपी कर, नवं नाव दे आणि तुझ्या यूजरच्या अ‍ॅडऑन (वरून जोडलेल्या गाड्या-ट्रॅकच्या) फोल्डरातल्या कार्ट्समध्ये ठेव. लिनक्सवर ते डॉट-लोकल, शेअर, सुपरटक्सकार्ट, अ‍ॅडऑन्स असं सापडतं. त्यातल्या कार्ट.एक्सएमएलमध्ये नाव आणि प्रकार बदल. मध्यमची जड केलीस तरी गाडीचा स्वभाव बदललेला कळेल. ही फाईल खरी तुझी. अपडेट तिला हात लावत नाही. मात्र गेममधून उतरवलेल्या अ‍ॅडऑन गाडीतच फेरफार केलेस तर त्या अ‍ॅडऑनचं अपडेट आल्यावर तेही जातील. म्हणून नेहमी वेगळ्या नावाच्या फोल्डरात काम कर. ट्रॅकबाबतही हेच. ट्रॅक.एक्सएमएलमध्ये गुरुत्वाकर्षणाची किंमत देता येते. एकदा ती कमी करून बघ, उड्यांवर गाडी इतकी वेळ हवेत राहते की पोरं हसून लोळतात.

एक्सएमएल लिहिताना दोन सापळे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ओळ कॉपी केलीस की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात आणि फाईल मोडते. आणि विंडोजच्या नोटपॅडने सेव्ह करताना नावाला मागून टीएक्सटी जोडलं तर ते दिसतही नाही, कारण विंडोज एक्सटेन्शन लपवतो. प्रत्येक बदलानंतर एक्सएमएललिंट ही फाईल तपासणारी कमांड चालवून बघ. टॅग उघडा राहिला असेल तर ओळ क्रमांकासह सांगतं.

आता लॅन. २०१९ च्या १.० पासून गेममध्ये नेटवर्कवर खेळता येतं, आणि त्याची रीत समजली की मागे खेचण्याचं कोडं सुटतं. खरी शर्यत सर्व्हरवर होते. तुझं मशीन सर्व्हरची वाट न पाहता गाडी कुठे असेल याचा अंदाज बांधून दाखवत राहतं. सर्व्हरकडून खरी स्थिती आली की अंदाज मागे फिरवून दुरुस्त करतं. भौतिकीचं गणित सेकंदाला १२० वेळा होतं, आणि सर्व्हर स्थिती पाठवतो ती मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला १० वेळा. समज, सर्व्हरच्या फाईलप्रमाणे तुझी गाडी सेकंदाला २० मीटर जाते आणि तुझ्या बदललेल्या फाईलप्रमाणे २४. दोन स्थितींच्या मधल्या वेळातच तुझा अंदाज ४० सेंटीमीटर पुढे जातो. नेटवर्कचा उशीर त्यात मिळव. दर वेळी सर्व्हर तुला तेवढं मागे ओढणार. म्हणजे फाईल बदलून जोरात पळायला तर मिळत नाहीच, वर गाडी उचक्या देते. अनोळखी लोकांच्या ऑनलाइन सर्व्हरवर बदललेल्या फाईली घेऊन जाऊ नकोस, तो याच कारणाने तुझाच तोटा आहे.

उपाय सरळ आहे. सर्व्हरसकट पाचही मशीनवर गेमची आवृत्ती एकच आणि बदललेल्या फाईली अक्षरशः एकच ठेवा. "मी पण तेच लिहिलंय" यावर विश्वास ठेवू नका. एमडी५सम (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढून तो पाचही ठिकाणी जुळवा. आमच्याकडे एकदा जुळेना, तेव्हा कळलं की एकाने दशांश बिंदूच्या जागी स्वल्पविराम दिला होता.

सर्व्हरची सेटिंग वेगळ्या फाईलमध्ये असतात. गेमला सर्व्हर-कॉन्फिग हा पर्याय आणि फाईलचं नाव दिलं की तो ती वाचतो. तशी फाईल नसेल तर मूळ किमती आणि टिपांसह नवी बनवतो. त्यात वॅन-सर्व्हरची किंमत फॉल्स (म्हणजे खोटं) कर, म्हणजे फक्त लॅनवर दिसेल. सर्व्हर-मोडमध्ये ३ म्हणजे साधी शर्यत, ४ टाइम ट्रायल, ६ सॉकर. काठिण्यपातळी ० ते ३. खेळाडूंची कमाल संख्या मूळची ८ आहे, तुम्हा पाचांना पुरे. अ‍ॅडऑन ट्रॅक निवडायच्या यादीतून गायब होतात, असंही तू ओघात लिहिलंयस. तो बिघाड नाही. सगळ्यांकडे असलेलेच ट्रॅक सर्व्हर देतो. एकाने जरी अ‍ॅडऑन टाकलं नसेल तरी यादी सगळ्यांचीच आखडते.

सर्व्हर दिसतच नसेल तर आधी होस्टेलच्या वायफायवर संशय घे. बऱ्याच ठिकाणी एका मशीनला दुसरं दिसू देत नाहीत. एक साधा स्विच आणि पाच वायरी आण. सर्व्हरवाल्या मशीनच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे २७५९ आणि २७५७ हे पोर्ट उघडे हवेत. पहिला खेळाचा, दुसरा लॅनवर सर्व्हर शोधण्याचा. तरी नाही सापडला तर गेममध्ये सर्व्हरचा पत्ता थेट टाकायची सोय आहे, तिथे त्या मशीनचा आयपी दे.

आज रात्री एवढं कर. पाचही मशीनवरच्या तुमच्या फाईली बाजूला ठेवून मूळ फाईलींवर एक शर्यत खेळा. गाड्या तेव्हाही मागे खेचल्या गेल्या तर दोष नेटवर्कचा आहे, फाईलींशी भांडू नका. नाही खेचल्या गेल्या तर तुझी कार्ट_कॅरॅक्टरिस्टिक्स आणि मूळ फाईल यांचा डिफ इथे टाक. फक्त डिफ टाक, अख्खी फाईल नको. मी शनिवारी लॅबमध्ये असतो, तेव्हा हॅसिएंडावर चालवून बघतो.